खसखस, अफू आणि कायदा : गुंगीकारक द्रव्यांचे वर्गीकरण कसे होते

दिवाळीत अनारसा ज्या खसखशीवर थापला जातो, ती खसखस ज्या बोंडातून निघते, त्याच बोंडाला ते हिरवे असताना चिरा दिला तर अफूचा चीक स्रवतो. त्या चिकापासून कर्करोगाच्या रुग्णाची वेदना शमविणारे मॉर्फिन तयार होते आणि मॉर्फिनवर आणखी एक रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन. बी स्वयंपाकघरात, चीक सरकारी कारखान्यात आणि वाळलेल्या बोंडाचा चुरा पोलिसांच्या मुद्देमालात, असे एकाच झाडाचे तीन भाग तीन ठिकाणी पोचतात. यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. कायदा झाडाला चांगले किंवा वाईट ठरवीत नाही. तो झाडाचा कोणता भाग आहे, तो कशासाठी बाळगला आहे, त्यासाठी परवाना आहे काय आणि त्याचे वजन किती आहे, हे पाहतो. हे गणित ठाऊक नसल्यामुळे एखादा शेतकरी दहा वर्षांच्या शिक्षेच्या कक्षेत जाऊ शकतो; आणि याच कायद्याच्या अवास्तव भीतीमुळे एखादा रुग्ण औषध असूनही तळमळत राहतो. म्हणून या वर्गीकरणाची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

गोरखी ते नीमच

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील गोरखी हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नसावे. महाराज बाड्यालगतचा हा शिंद्यांचा जुना राजवाडा. १८७४ साली जयविलास प्रासाद उभा राहिला, तरी गोरखीचे महत्त्व संपले नाही. येथे अनेक वर्षे सरकारी कचेऱ्या होत्या आणि येथील शाळेत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले अटलबिहारी वाजपेयी शिकले. याच गोरखीपासून थोड्या अंतरावर, शहराच्या मुरार भागात, केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्य कार्यालय आहे. संपूर्ण देशातील अफूच्या वैध शेतीचा कारभार या कार्यालयातून चालतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

हे कार्यालय ग्वाल्हेरला असणे इतिहासाला धरूनच आहे. नीमच, मंदसोर व उज्जैन हा माळव्याचा अफू पिकविणारा मुलूख शिंदे संस्थानात मोडत असे. बिहार व बनारसकडील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. तेथे शेतकऱ्याला पीक कंपनीलाच द्यावे लागे. माळवा हा संस्थानी प्रदेश असल्याने तेथे कंपनीला शेतीत हात घालता आला नाही. तेव्हा तिने दुसरी वाट काढली. मुंबई बंदरातून चीनला जाणाऱ्या माळवी अफूच्या प्रत्येक पेटीवर परवाना शुल्क बसविले. १८४३ साली सिंध प्रांत इंग्रजांच्या हाती गेला, कराचीकडून माल बाहेर काढण्याची वाट बंद झाली आणि हे शुल्क वाढत गेले. त्या काळच्या अफूविषयक कायद्यांचा हेतू व्यसनाला आळा घालणे हा नव्हता, महसूल गोळा करणे हा होता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १८५७ व १८७८ चे अफू अधिनियम त्याच वळणाचे होते. १९१२ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि १९२५ च्या जिनिव्हा करारानंतर दृष्टी पालटू लागली व १९३० साली घातक औषधी द्रव्यांचा अधिनियम आला.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली जुन्या अफू एजन्सींचे एकत्रीकरण करून केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो स्थापन झाला. १९६० साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून ग्वाल्हेरला आले. हा ब्युरो केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली आहे व त्याचे प्रमुख नार्कोटिक्स आयुक्त असतात. वृत्तपत्रांतील छाप्यांच्या बातम्यांत ज्याचे नाव वारंवार येते तो नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो ही निराळी संस्था असून ती १९८६ साली स्थापन झाली व आता गृह मंत्रालयाखाली आहे. नावांतील साम्यामुळे अर्ज चुकीच्या दारी जातात, म्हणून हा खुलासा.

परवान्याची शेती

वैध अफूची शेती केवळ केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत, म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील ठराविक क्षेत्रांत होते. परवाना एका हंगामापुरता असतो. अफूचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते. शेतकऱ्याला मिळणारे क्षेत्र थोडे, बहुधा १० आरच्या आसपास असते. त्याहून एक वाफा अधिक पेरला तरी तो बेकायदा ठरतो, आणि ब्युरोचे कर्मचारी शेत मोजून पाहतात.

हिवाळ्याच्या अखेरीस बोंडे भरली म्हणजे त्यांना बारीक चिरे देतात. रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात. रोजच्या चिकाचे वजन करून त्याची नोंद गावातील लंबरदाराच्या वहीत करावी लागते. हा लंबरदार ब्युरोने शेतकऱ्यांतूनच नेमलेला असतो. एप्रिलच्या सुमारास तोल केंद्रावर सर्व अफू सरकारजमा होते. चिकात पाणी किती व घन भाग किती हे तपासून ७० अंशांच्या प्रमाणावर वजन काढतात आणि माल नीमच किंवा गाझीपूर येथील सरकारी अफू व अल्कलॉइड कारखान्यात जातो. पुढील वर्षी परवाना मिळणार की नाही हे उताऱ्यावर अवलंबून असते. पूर्वी अफूचे हेक्टरी वजन पाहत, आता तिच्यातील मॉर्फिनचे प्रमाण पाहतात. २०२१-२२ च्या धोरणात चीक काढण्याच्या परवान्यासाठी ते हेक्टरी किमान ४.२ किलोग्राम असे होते. चीक न काढता बोंडेच सरकारला देण्याचाही एक परवाना २०२०-२१ पासून सुरू झाला आहे. त्यात चोरीला वाव कमी राहतो.

गारपिटीने किंवा रोगाने पीक हातचे गेले तर शेतकऱ्याने चिरे देण्यापूर्वी अर्ज करून अधिकाऱ्यांच्या समक्ष पीक उपटून टाकावे, अशी तरतूद आहे. म्हणजे पुढील परवान्यावरील त्याचा हक्क बुडत नाही. ज्याला परवाना आहे त्याने चीक चोरून विकला तर कलम १९ लागू होते. तेथे वजनाचा विचारच नाही. शिक्षा किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरीची आणि दंड एक ते दोन लाख रुपयांचा. विश्वासाने सोपविलेल्या मालाचा अपहार कायद्याने किती गंभीर मानला आहे, हे यावरून दिसेल.

तीन गट

सध्याचा मूळ कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला व वर उल्लेखिलेले तिन्ही जुने अधिनियम रद्द झाले. त्यात १९८९, २००१, २०१४ व २०२१ साली दुरुस्त्या झाल्या. या अधिनियमाने द्रव्यांचे तीन गट केले आहेत.

पहिला गट गुंगीकारक औषधी द्रव्यांचा. त्यात कोकाची पाने, कॅनाबिस म्हणजे गांजा व चरस, अफू, अफूच्या झाडाची बोंडे व काड, आणि यांपासून तयार होणारी मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन, कोकेन इत्यादी द्रव्ये येतात. येथे व्याख्या बारकाईने वाचावी लागते. अफूच्या काडाच्या व्याख्येतून कापणीनंतरचे बी वगळलेले आहे. म्हणून खसखस वाण्याच्या दुकानात उघडपणे मिळते. परदेशातून खसखस आणावयाची असल्यास मात्र त्या सौद्याची नोंदणी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांकडे करावी लागते आणि ते पीक त्या देशात कायदेशीररीत्या घेतले होते, असा दाखला जोडावा लागतो. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवाय असलेली पाने व बी येत नाहीत. म्हणून पानांची भांग या अधिनियमाबाहेर राहते. परंतु अधिनियमाबाहेर राहिली म्हणजे मोकळी झाली असे नव्हे. ती राज्यांच्या अबकारी कायद्यांत सापडते. मध्य प्रदेशात १९१५ च्या अबकारी अधिनियमाखाली भांगेच्या दुकानांना परवाने दिले जात आले आहेत, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमामुळे ती विनापरवाना बाळगता येत नाही. ग्वाल्हेरहून होळीसाठी भांगेची पुडी घेऊन जळगावला उतरणाऱ्या पाहुण्याने हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

दुसरा गट मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा. हे बहुतांशी कारखान्यात तयार होतात. त्यांची व्याख्या गुणांवरून होत नाही, यादीवरून होते: अधिनियमाच्या अनुसूचीत नाव असेल तर पदार्थ नियंत्रित, नसेल तर नाही. १९८५ साली या यादीत ७७ नोंदी होत्या. आज त्या शंभराच्या पुढे गेल्या आहेत. यादीची ताकद आणि तिची उणीव दोन्ही मेफेड्रोनच्या उदाहरणात दिसतात. ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने हे द्रव्य मुंबईतील महाविद्यालयांच्या परिसरात पसरले, तेव्हा ते यादीत नव्हते. विकणाऱ्यावर या अधिनियमाखाली कारवाई करणे पोलिसांना शक्य नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अनुसूचीत घातल्यानंतरच कायद्याचा हात तेथवर पोचला. केटामाईन २०११ साली व ट्रामाडॉल २०१८ साली असेच यादीत आले. रसायनशास्त्रज्ञ रेणूत थोडा फेरफार करतो आणि यादी मागे धावत राहते, ही शर्यत जगभर चालू आहे.

तिसरा गट नियंत्रित पदार्थांचा. यात नशा आणणारे नव्हे, तर नशेचे द्रव्य बनविण्यास लागणारे पदार्थ येतात. हेरॉइनसाठी लागणारे ॲसेटिक अनहायड्राईड आणि सर्दीच्या औषधांत उपयोगी पडणारी एफेड्रिन व स्यूडोएफेड्रिन ही त्यांची उदाहरणे. हे उद्योगधंद्यांत हरघडी लागतात. म्हणून त्यांवर बंदी न घालता २०१३ च्या नियंत्रण आदेशान्वये नोंदणी, साठ्याचा हिशेब व वाहतुकीची कागदपत्रे सक्तीची केली आहेत. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूर येथील एका कारखान्यातून एफेड्रिनचा प्रचंड साठा पकडला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन तयार होत असल्याचे उघडकीस आणले. औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावांनी या तिसऱ्या गटाकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावयास हवे.

दारू आणि तंबाखू या तिन्ही गटांत नाहीत. शिक्षक हा प्रश्न नेहमी विचारतात व तो रास्त आहे. त्यांचे उत्तर वैद्यकशास्त्रात शोधू नये. १९६१, १९७१ व १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांनी ज्या याद्या घालून दिल्या, त्यांवरून आपला अधिनियम उभा आहे आणि त्या याद्यांत दारू व तंबाखू कधीच नव्हती. मात्र बालकाला मद्य, तंबाखूजन्य पदार्थ किंवा अमली द्रव्य देणे हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि बालकाकडून अशा मालाची ने-आण करविणाऱ्यास कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा आहे.

वजनाचा हिशेब

२००१ च्या दुरुस्तीपासून बहुतेक गुन्ह्यांत शिक्षा वजनावर ठरते. प्रत्येक द्रव्यासाठी ‘अल्प प्रमाण’ व ‘व्यापारी प्रमाण’ असे दोन आकडे अधिसूचित झाले आहेत. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोग्राम व व्यापारी प्रमाण २० किलोग्राम. चरसाचे १०० ग्राम व एक किलोग्राम. अफूचे २५ ग्राम व अडीच किलोग्राम. हेरॉइनचे ५ ग्राम व २५० ग्राम. मेफेड्रोनचे अवघे २ ग्राम व ५० ग्राम. अल्प प्रमाणात एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोहोंच्या मधील प्रमाणात दहा वर्षांपर्यंत शिक्षा व एक लाखापर्यंत दंड. आणि व्यापारी प्रमाणात दहा ते वीस वर्षे व एक ते दोन लाखांचा दंड. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणेही दुष्कर होते, कारण आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे याची न्यायालयाची खात्री पटावी लागते.

वजन कशाचे धरावयाचे यावर बराच वाद झाला. शंभर ग्राम पुडीत शुद्ध हेरॉइन चारच ग्राम असेल तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली शुद्ध द्रव्याचे वजन धरावे असे म्हटले होते. २२ एप्रिल २०२० रोजी हीरा सिंह प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय बाजूस सारून भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असे ठरविले. म्हणजे वरील उदाहरणातील पुडी अल्प प्रमाणात बसत नाही.

शेतीला मात्र हा वजनाचा हिशेब लागू नाही, आणि ग्रामीण भागात घोटाळा होतो तो येथेच. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळीत गांजाची दोन झाडे लावली काय किंवा दोनशे लावली काय, कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते. अफूच्या झाडाचेही तसेच. महाराष्ट्रात अफूच्या लागवडीचा परवाना कोणासही दिला जात नाही. २०१२ साली बीड जिल्ह्यात अफूची बेकायदा शेती उघडकीस आली व शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. ‘आम्ही तर खसखस पेरली होती’ असा बचाव अशा प्रकरणांत पुढे येतो. खसखस विकत घेणे कायदेशीर आहे म्हणून ती पेरणेही कायदेशीर असेल, हा समज स्वाभाविक असला तरी घातक आहे. बी वगळले आहे, झाड वगळलेले नाही. शिवाय आपणास ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याचा भार कलम ३५ ने आरोपीवरच टाकला आहे. चांगल्या भावाचे आमिष दाखवून अनोळखी माणूस बियाणे देत असेल तर कृषी सहायकास विचारल्याशिवाय ते रानात टाकू नये.

औषधाचा हक्क

या अधिनियमाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. कलम ८ ने सर्व व्यवहारांस मनाई केली आहे, पण त्याच कलमात वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनांचा अपवाद आहे. १९८५ नंतर राज्याराज्यांनी नियम इतके कडक केले की मॉर्फिनच्या एका साठ्यासाठी रुग्णालयाला चार-पाच निरनिराळे परवाने, तेही एकाच वेळी मुदतीत असलेले, मिळवावे लागत. औषध दुकानदारांनी माल ठेवणेच सोडले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत १९९७ साली सुमारे १८ किलोग्रामवर आला. ज्या देशात माळव्याचा शेतकरी वैध मार्गाने अफू पिकवितो, तेथील कर्करोगाचा रुग्ण वेदनाशामकावाचून मरावा, ही स्थिती लाजिरवाणी होती. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ ची दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा द्रव्ये ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधी द्रव्ये’ म्हणून घोषित झाली. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता पुरते. मात्र ही मान्यता रुग्णालयाने मागावी लागते, आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी ती अद्याप मागितली जात नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवरील सदस्यांनी हा विषय बैठकीत घ्यावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या रुग्णाच्या घरी असणे हा गुन्हा नाही. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्यांसारखे मनोव्यापारांवर परिणाम करणारे औषध स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल तर ३०० मात्रांपर्यंत बाळगता येते. चिठ्ठी जपून ठेवावी एवढेच. औषध दुकानदारासाठी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखालील नियम वेगळे आहेत. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषध विकताना त्याला डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे राखावी लागते. तो नाव विचारतो म्हणून रागावण्याचे कारण नाही.

गावाची जबाबदारी

कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अफू, गांजा किंवा कोका यांची बेकायदा लागवड असल्यास जमीनधारकाने तत्काळ खबर दिली पाहिजे. जमीन बटईने किंवा खंडाने दिली असली तरी. कलम ४७ त्याहून पुढे जाते. शासनाचा प्रत्येक अधिकारी, तसेच पंच, सरपंच व गावचा कोणताही अधिकारी यांना अशी लागवड कळली व त्यांनी कळविली नाही, तर तेही शिक्षेस पात्र ठरतात. तलाठी, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांनी पीकपाहणीच्या वेळी हे कलम ध्यानात ठेवावे. खबर पोलीस ठाण्यात, अबकारी किंवा महसूल विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे, किंवा केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या ‘मानस’ या १९३३ क्रमांकाच्या दूरध्वनीवर देता येते.

झडतीच्या प्रसंगी नागरिकासही काही हक्क आहेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी अशी मागणी कलम ५० खाली करता येते व हा हक्क अधिकाऱ्याने स्वतः सांगितला पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावयाची असते.

घरात कोणी व्यसनात सापडले असेल तर कलम ६४-अ ची तरतूद माहीत असावी. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासकीय किंवा शासनमान्य व्यसनमुक्ती केंद्रात स्वखुशीने उपचार घेऊ लागली, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते.